उन्हाळ्यातील लांब सायकलस्वारी आणि पाण्याचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत शंभर-दोनशे किलोमीटरच्या राइडला निघणाऱ्या सायकलस्वाराला ‘भरपूर पाणी पी’ असे घरचे-दारचे सगळेच बजावतात. परंतु भरपूर म्हणजे नेमके किती, किती वेळाने आणि त्याबरोबर मीठ किती, याचा हिशेब बहुतेक वेळा कुणीच मांडलेला नसतो. तो घरी बसून मांडता येतो आणि त्यासाठी वजनकाटा, मापाच्या खुणा असलेली बाटली आणि एक वही एवढे साहित्य पुरते. हिशेब एकदा मांडला की एक गोष्ट चटकन ध्यानात येते: कडक उन्हात शरीरातून जितका घाम जातो तितके पाणी पोटाला तासन्‌तास पेलत नाही. म्हणून या लेखात पाणी कसे प्यावे याच्या जोडीने घाम कमी कसा करावा यालाही पुरेशी जागा दिली आहे, कारण लांबच्या अंतरावर हा दुसरा भाग पहिल्याइतकाच उपयोगी पडतो.

घाम कशासाठी आणि किती

पायडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो आणि उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होऊन ती अंगात साठू लागते. १५० वॉटच्या, म्हणजे मध्यम जोराच्या स्वारीत ही उष्णता तासाला साधारण साडेचारशे किलोकॅलरी भरते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे केवळ स्नायूंची उष्णता बाहेर टाकण्यासाठी तासाला पाऊण लिटरहून अधिक घाम वाळावा लागतो आणि डोक्यावरचे ऊन, डांबरातून वर येणारी धग यांची भर वेगळीच. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंश सेल्सियसपेक्षा, वर गेले की अंगावर येणारी हवा स्वतःच अंग तापवू लागते आणि घाम वाळणे हा उष्णता बाहेर जाण्याचा एकमेव मार्ग उरतो.

येथे ‘वाळणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हनुवटीवरून टपकणारा घाम शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण उष्णता जवळजवळ नेत नाही. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट आणि विळे या मार्गाने माणगावला जाणाऱ्यांना हा फरक एकाच दिवसात अनुभवता येतो. सकाळी मुळशीच्या बाजूला अंग कोरडे वाटते, घाट उतरून रायगड जिल्ह्यात शिरले की दमट हवेत घाम वाळायचे नाव घेत नाही, आणि परतीचा चढ नेमका दुपारी वाट्याला आला तर ताशी सात-आठ किलोमीटर वेगाला अंगावर वाराही लागत नाही. सायकलचा वेग कमी, वाऱ्याची साथ नाही आणि हवा दमट, असे तिन्ही एकत्र आले म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा ३५ असला तरी शरीरावरचा भार चाळिशीतल्या कोरड्या उन्हापेक्षा अधिक असू शकतो. भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश असा वेगवेगळा उंबरठा मानतो.

विदर्भात याच्या उलट फसगत होते. नागपूर-चंद्रपूरकडच्या कोरड्या हवेत घाम बाहेर पडताक्षणीच वाळतो, जर्सी कोरडी राहते आणि आपल्याला फारसा घाम येत नाही असा समज होतो. थांबल्यावर हेल्मेटचा पट्टा हाताला कडक लागतो आणि जर्सीच्या पाठीवर, जेथे खिसे सुरू होतात तेथे, मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले दिसतात. गेलेल्या घामाची खूण तेवढीच असते. ज्यांच्या कपड्यांवर असे पट्टे ठळक उमटतात त्यांच्या घामात मीठ जास्त असते, हेही येथेच लक्षात घ्यावे.

स्वतःच्या घामाचे माप

घामाचे प्रमाण माणसागणिक इतके बदलते की दुसऱ्याचा आकडा आपल्या उपयोगाचा नसतो. बहुतेकांचा घाम तासाला अर्धा ते दोन लिटर यांच्या दरम्यान कुठेतरी असतो आणि एकाच वजनाच्या, एकत्र चालवणाऱ्या दोन मित्रांमध्येही त्यात मोठा फरक पडू शकतो. म्हणून मोठ्या राइडच्या दोन-तीन आठवडे आधी पुढील चाचणी अवश्य करावी.

निघण्यापूर्वी लघवी करून, शक्यतो कपड्यांशिवाय, वजन करावे. त्यानंतर ज्या वेगाने मोठी राइड करायची आहे त्याच वेगाने एक ते दीड तास सायकल चालवावी, त्या काळात किती पाणी प्यालो याची नोंद ठेवावी आणि परत आल्यावर अंग पुसून पुन्हा तसेच वजन करावे. वजनातली घट अधिक प्यालेले पाणी भागिले तास, हा आपला ताशी घाम होय. समजा, निघताना वजन ६८.४ किलो होते, दीड तासाने ते ६७.३ किलो भरले आणि मधल्या वेळात ७५० मिलिलिटर पाणी प्याले गेले, तर घाम १.१ अधिक ०.७५ म्हणजे १.८५ लिटर, आणि ताशी प्रमाण साधारण १.२ लिटर. मध्ये लघवी झाली असेल तर तेवढे वजा करावे, काही खाल्ले असेल तर त्याचे वजन मिळवावे. ही चाचणी एकदा पहाटेच्या गारव्यात आणि एकदा दहा-अकराच्या उन्हात करावी, कारण दोन आकड्यांमधील तफावत पाहिल्यावर पहाटे लवकर निघण्याचे महत्त्व दुसऱ्या कुणी पटवून देण्याची गरज उरत नाही.

आता या आकड्याचे काय करायचे ते पाहू. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना फारशी जाणवत नाही. त्यापलीकडे, विशेषतः उन्हात, नाडी वाढते, तोच वेग जड वाटू लागतो आणि लक्ष विचलित होते. ६८ किलोच्या सायकलस्वारासाठी २ टक्के म्हणजे जवळपास १.४ लिटर. दुसरीकडे, सायकल चालवताना पोटातून आतड्यात उतरू शकणाऱ्या पाण्याला मर्यादा असते. अनेकांना तासाला ७०० ते ८०० मिलिलिटर सहज पचते, लिटरभर काहींनाच झेपते, आणि त्याहून अधिक ओतले तर पोटात पाणी डचमळू लागते. वरच्या उदाहरणातला माणूस ताशी १.२ लिटर घाम गाळत आणि ८०० मिलिलिटर पाणी पीत राहिला तर दर तासाला ४०० मिलिलिटरची तूट साचते आणि साडेतीन तासांत तो मर्यादेला येऊन ठेपतो. पुढचे पाच-सहा तास केवळ अधिक पाणी पिऊन निभावता येणार नाहीत. त्यासाठी त्याला वेग कमी करावा लागेल किंवा सावलीत थांबावे लागेल, आणि हे त्याने आदल्या रात्रीच ठरवलेले असले तर राइड सुखरूप पार पडते. (लांबच्या स्वारीत वजनातली थोडी घट शरीरातले इंधन जळाल्यामुळेही होते, त्यामुळे परतल्यावर काट्यावर एखादा किलो कमी दिसला तर घाबरून जाण्याचे कारण नाही.)

वेळापत्रक हा पाण्याचाच भाग

स्वतःच आखलेल्या राइडसाठी माझे ठाम मत असे आहे की एप्रिल-मे महिन्यांत पहाटे चार-साडेचारला, चांगले दिवे लावून निघावे, साडेदहा-अकरापर्यंत अंतराचा मोठा भाग उरकावा आणि साडेतीन-चारपर्यंत सावली सोडू नये. पहाटेच्या किलोमीटरना दुपारच्या मानाने कितीतरी कमी घाम लागतो.

ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेले लांब अंतर ठरावीक मुदतीत पार करायच्या सायकल उपक्रमात, ही मोकळीक नसते. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (बीआरएमला) साडेतेरा तासांची मुदत असते. सकाळी सहाला सुरुवात झाली तर संध्याकाळी साडेसातपर्यंत पोहोचावे लागते, म्हणजे सगळी दुपार रस्त्यावरच येते. तरीही चालवतानाचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर राखणाऱ्याला दहा तासच लागतात आणि साडेतीन तास हाताशी राहतात. हे तास सकाळच्या चहा-पोह्यांत आणि फोटोंत खर्च होतात, असे वारंवार पाहायला मिळते. सकाळच्या थांब्यांना पाच-दहा मिनिटांत आवरते घेऊन उरलेला वेळ बारा ते साडेतीन यांच्यामध्ये पाऊण-पाऊण तासाच्या दोन-तीन विश्रांतींसाठी राखून ठेवावा. सावलीत बसल्यावर घाम झपाट्याने कमी होतो, पोट पुन्हा नीट काम करू लागते आणि अर्धा-पाऊण लिटर पाणी जेवणाबरोबर सावकाश घेतले की साचलेली तूट बऱ्याच अंशी भरून निघते. मुदत गाठण्यासाठी भर दुपारी जोर लावणारा सायकलस्वार आणि सावलीत पाऊण तास बसून चारनंतर वेग धरणारा सायकलस्वार पुष्कळदा पुढेमागे दहा मिनिटांच्या अंतराने पोहोचतात, पण त्यांच्या रात्री फार वेगळ्या जातात.

चढावर मात्र सरासरीचा विचार बाजूला ठेवावा. घाटात जोर वाढतो आणि वारा बंद होतो, म्हणून दुपारच्या घाटात गिअर एक-दोन पायऱ्या हलका ठेवून, बोलता येईल इतक्याच दमाने चढावे. बाहेरून पाणी ओतण्याचाही उपयोग होतो: डोक्यावर, मानेवर आणि हातांवर ओतलेले पाणी वाळताना घामाचेच काम करते आणि शरीरातले पाणी वाचवते. कोरड्या हवेत गळ्याभोवती भिजवलेला पंचा बांधला तर त्याचा गारवा बराच वेळ टिकतो. दमट हवेत हा उपाय तितका चालत नाही, तेथे सावली आणि वेग कमी करणे हेच खरे. अंगावर ओतायचे पाणी साधे असावे, नाहीतर साखरेचे चिकट पाणी मानेवरून डोळ्यांत उतरते. बाटल्या दोन असाव्यात, एक साध्या पाण्याची आणि एक मीठ-साखरेची, असा आग्रह धरण्याचे हे एक कारण.

उन्हाची सवय लागायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रोज तासभर उबदार वेळी व्यायाम केला तर रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातले मीठ कमी होते. फेब्रुवारीपर्यंत पहाटेच चालवणाऱ्याने एप्रिलच्या पहिल्या रविवारी एकदम दोनशेला उतरू नये. आणि ज्यांना सवय लागते त्यांचा घाम वाढतो, त्यामुळे चाचणी पुन्हा करावी लागते.

पाण्यात काय घालावे

एका लिटर घामात सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जाते. काहींच्या घामात त्याच्या निम्मे, तर काहींच्या घामात दुप्पट. साध्या मिठात सोडियमचा वाटा सुमारे ४० टक्के असतो, म्हणजे लिटरमागे अडीच ग्रॅमच्या जवळपास मीठ शरीराबाहेर पडते. हे सगळे चालवता चालवताच भरून काढण्याची गरज नसते, कारण जेवणातून मीठ येतच असते. परंतु तीन-चार तासांपेक्षा लांब राइडमध्ये प्यायच्या प्रत्येक लिटरमध्ये पाव चमचा, म्हणजे दीड ग्रॅम मीठ असावे. त्यातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळते, आणि चवीलाही ते सुसह्य लागते.

मिठाबरोबर थोडी साखर घालण्यामागे चवीखेरीज एक ठोस कारण आहे. लहान आतड्याच्या अस्तरातून सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. याच गुणधर्मावर ओआरएस उभे आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी मोठ्या प्रमाणावर तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. सायकलस्वाराला कॉलऱ्याच्या रुग्णाइतक्या तीव्र मिश्रणाची गरज नसते, तत्त्व मात्र तेच.

घरचे मिश्रण असे करावे: एक लिटर पाण्यात ४० ते ५० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. साखर स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोलून घ्यावी आणि मग त्या मापाच्या पुड्या बांधून जर्सीच्या खिशात ठेवाव्यात. रस्त्यात सीलबंद लिटरची बाटली घेतली की एक पुडी रिकामी करायची, एवढे सोपे व्हावे. साखरेचे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर गेले की पोट रिकामे व्हायला वेळ लागतो आणि उन्हात मळमळ सुरू होते. गोड शीतपेयांत साखर साधारण १०-११ टक्के आणि मीठ नगण्य, त्यामुळे ती तहान भागवल्यासारखी वाटली तरी बाटलीत भरण्याच्या कामाची नाहीत.

ओआरएसच्या पाकिटाबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. सोडियमच्या बाबतीत हे आपल्या घरच्या मिश्रणाच्या जवळपास तिप्पट भरते, आणि ऊर्जा मात्र त्यातून लिटरमागे पन्नासेक किलोकॅलरीच मिळते. म्हणून सगळा दिवस केवळ ओआरएसवर काढू नये. दुपारच्या सर्वांत तापलेल्या टप्प्यात एखादा लिटर, किंवा जुलाब-उलटी झाली तर, असा त्याचा वापर ठेवावा आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा कमी पाण्यात ते कधीही कालवू नये. दुसरी गोष्ट, नाव पाहून फसू नये. नावात ‘ओआरएस’ असलेली, प्रत्यक्षात भरपूर साखरेची फळांच्या चवीची पेये अनेक वर्षे औषधांच्या दुकानांत विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, खाद्यपेयांच्या नावात असा वापर करण्याची मुभा काढून घेतली. तरीही पाकीट फिरवून सूत्र वाचण्याची सवय ठेवावी.

रस्त्यावर मिळणाऱ्या पेयांमध्ये मीठ घातलेल्या ताकाला माझ्या लेखी पहिला मान आहे: पाणी, मीठ, थोडी प्रथिने, आणि गोड खाऊन विटलेल्या जिभेला आंबटपणा. लिंबू सरबत सांगताना साखर बेताची आणि मीठ थोडे अधिक, असे आवर्जून सांगावे. कोकणात कोकमाचे आगळ मीठ घालूनच केलेले असते, त्यामुळे पाण्यात ते घातले की वेगळे मीठ लागत नाही. शहाळ्याच्या पाण्याचे कौतुक थोडे जपून करावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम फारच कमी असते. शहाळे प्यावे, पण सोबत खारे शेंगदाणे खावेत. उसाच्या रसाचा एक पेला म्हणजे तीसेक ग्रॅम साखर, जी दमलेल्या पायांना हवीच असते. रसात मीठ-लिंबू घालून घ्यावे आणि बर्फ नको म्हणावे, कारण बाहेरचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. चहा-कॉफीने शरीर कोरडे पडते ही भीती एखाद-दोन कपांपुरती तरी निराधार आहे.

खाण्यातूनही मीठ आणि पाणी दोन्ही मिळते. उकडलेला बटाटा मीठ लावून, दहीभात, कलिंगडाच्या फोडी, चिमूटभर मिठासह केळे, हे सगळे उन्हात तळलेल्या वडापावापेक्षा पोटाला कितीतरी बरे.

चालवताना पिण्याची पद्धत

आठशे मिलिलिटर तासाला म्हणजे दर पंधरा मिनिटांना दोनशे मिलिलिटर. पण चालत्या सायकलवर दोनशे मिलिलिटर कळणार कसे? आपला घोट घरीच मोजावा: भरलेली बाटली काट्यावर ठेवावी, नेहमीच्या पद्धतीने दहा घोट घ्यावेत, पुन्हा ठेवावी, आणि आलेला फरक दहाने भागावा. घोट तीस मिलिलिटरचा निघाला तर दर पंधरा मिनिटांना सहा-सात घोट, चाळीसचा निघाला तर पाच. सायकल संगणकावर किंवा घड्याळात दर पंधरा मिनिटांचा गजर लावावा, कारण गप्पांत आणि उतारावर तासभर बाटलीला हात न लागणे अगदी सहज घडते. पहिल्या गार तासात तहान नसते. तेव्हा निम्मे प्यावे, पण सुरुवात तेथूनच करावी.

तहानेकडे दुर्लक्ष करू नये आणि केवळ तिच्यावर विसंबूही नये. दोन तासांच्या राइडला तहान पुरेशी मार्गदर्शक आहे. आठ तासांच्या उन्हात ती मागे पडते, म्हणून आकडा लागतो. मात्र पोट डचमळत असेल किंवा पाणी नकोसे झाले असेल तर आकडा बाजूला ठेवून वेग कमी करावा आणि पोट हलके झाल्यावरच पुन्हा प्यावे.

बाटली अर्धी झाली की पुढचे पाणी कुठे आहे हे ठाऊक असायला हवे, आणि घाटाच्या पायथ्याशी दोन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या असाव्यात. मुळशीच्या पुढे ताम्हिणीच्या टप्प्यात दुकाने विरळ होतात आणि दुपारी उघडी असतीलच असे नाही, म्हणून अशा रस्त्यांवर लिटरची एक बाटली जादा घ्यावी. पेट्रोल पंपांवर पिण्याचे पाणी मोफत देणे बंधनकारक आहे. देवळे, एसटी स्थानके आणि गावोगावच्या पाणपोया यांचाही आधार असतो. माठातले पाणी गार असले तरी पोट नाजूक असणाऱ्यांनी ते अंगावर ओतण्यासाठी वापरावे आणि पिण्यासाठी सीलबंद घ्यावे. आदल्या रात्री एक बाटली निम्मी भरून फ्रीजरमध्ये आडवी ठेवावी आणि सकाळी वरून पाणी घालावे. गार पाणी अधिक प्यायले जाते आणि थोडी उष्णता आतूनही शोषते. पाठीवरच्या हायड्रेशन बॅगेत पाणी खूप मावते, परंतु ती पाठ झाकून घाम वाळू देत नाही, म्हणून उन्हाळ्यात तिसरा बॉटल केज बसवणे मला अधिक योग्य वाटते.

निघण्याच्या दिवशी

आदल्या दिवशी तांब्यामागून तांब्या पाणी पिऊन साठा होत नाही. जादा पाणी रात्रीतून लघवीवाटे निघून जाते आणि झोपमोड तेवढी होते. संध्याकाळी नेहमीचे, थोडे चवदार मिठाचे जेवण, मद्य वर्ज्य, झोपण्यापूर्वी एक पेला पाणी आणि उठल्याबरोबर तीनशे-चारशे मिलिलिटर पुरते. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. ‘ब’ जीवनसत्त्वाची गोळी घेणाऱ्यांची लघवी गडद पिवळी दिसते, त्यांनी या खुणेवर भरवसा ठेवू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी औषधे घेणारे, मूत्रपिंडाचा त्रास असणारे आणि मधुमेही यांनी मीठ-साखरेचे वरील प्रमाण आपल्या डॉक्टरांना दाखवूनच वापरावे. आणि गुडघा दुखतो म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊन उन्हात चालवणे टाळावे. पाणी कमी झालेल्या शरीरात तिचा ताण मूत्रपिंडांवर पडतो.

धोक्याच्या दोन वेगळ्या दिशा

पाणी कमी पडल्याचा धोका सर्वांना ठाऊक आहे, जास्त झाल्याचा फार थोड्यांना. घामापेक्षा अधिक साधे पाणी तासन्‌तास पीत राहिल्यास रक्तातले सोडियम पातळ होते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली, म्हणजे लिटरला १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी आढळले होते. सावकाश चालवणाऱ्या आणि प्रत्येक थांब्यावर बाटली रिकामी करणाऱ्या नवख्या सायकलस्वारांना हा धोका अधिक असतो. बोटे सुजणे, अंगठी घट्ट होणे, वारंवार पाण्यासारखी स्वच्छ लघवी, वजन वाढणे आणि त्यासोबत डोकेदुखी व मळमळ, अशी लक्षणे दिसली तर साधे पाणी पिणे तत्काळ थांबवावे आणि खारे काही खावे. गोंधळल्यासारखे वागणे, वारंवार उलट्या किंवा झटके आले तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

उष्माघात हा त्याहून तातडीचा. अंगाचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेला माणूस असंबद्ध बोलतो, सायकल झोकांड्या खाते, विचारलेल्या साध्या प्रश्नाला उत्तर येत नाही. त्याचे अंग घामाने ओले असले तरी हा उष्माघातच असू शकतो. अशा वेळी बाटली तोंडाला लावण्याचा आग्रह धरू नये, कारण अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. आधी सावली, मग जर्सीची चेन उघडून हाताशी असेल नसेल ते सगळे पाणी अंगावर ओतणे आणि वारा घालणे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ वर फोन करणे. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणे थांबवू नये. सोबत्याला मध्येच एखादा हिशेब विचारण्याची सवय गटाने लावून घ्यावी: पुढचा कंट्रोल, म्हणजे ब्रेव्हेतला नोंदणीचा थांबा, किती किलोमीटरवर, वेळ किती उरला. उत्तराला उशीर लागू लागला की थांबायची वेळ झाली.

परतल्यावर

घरी पोहोचल्यावर पुन्हा वजन करावे. एका किलोच्या घटीमागे सव्वा ते दीड लिटर द्रव पुढच्या चार-पाच तासांत, जेवणाबरोबर घ्यावा. आमटी-भात, ताक, पापड आणि लोणच्याची फोड यांतून लागणारे मीठ आपोआप पोटात जाते आणि प्यालेले पाणी शरीरात टिकते. वजन, तापमान, प्यालेले लिटर आणि वाटेत काय जाणवले, हे चार ओळींत वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या राइडचा आकडा अंदाजाने काढावा लागत नाही.

साखरेच्या बाटल्या त्याच दिवशी धुवाव्यात. बाटलीचे नळीतोंड खेचून वेगळे करावे, खोबणीत काळी बुरशी धरली आहे का ते उजेडात पाहावे, गरम पाण्यात खायचा सोडा घालून अर्धा तास भिजवावे आणि झाकण न लावता उपडी वाळत ठेवावी. महामार्गावर पुढच्या चाकाने उडवलेली धूळ आणि शेण याच तोंडावर बसते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या राइडनंतर बिघडलेल्या पोटाचे कारण कित्येकदा येथे सापडते.

रात्रीपर्यंत लघवी झालीच नाही, किंवा तिचा रंग काळ्या चहासारखा दिसला आणि मांड्या सुजून दुखू लागल्या, तर ते साधे पाणी कमी पडल्याचे लक्षण समजून घरी वाट पाहू नये. स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडांवर भार आल्याची ती खूण असू शकते, आणि त्याच रात्री डॉक्टरांकडे जाऊन रक्त-लघवी तपासून घ्यावी.